निम्मा दोष

आमच्या बोरीकडच्या शेतांत विहिरीवरच्या मोटारीला 'ऑटो' नसलेला माणूस मला दाखवा, मी त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार करते. ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडायची एक छोटी डबी. लाइट गेली की मोटार बंद पडते, आणि लाइट परत आली की माणूस शेतात असो-नसो, ही डबी थोडं थांबून मोटार आपोआप चालू करते. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, त्यातही तिचा काही नेम नाही. मग दरवेळी उठून विहिरीवर कोण जाणार? लाइटवाले सांगून सांगून थकले, ऑटो लावू नका म्हणून. ऐकतं कोण!

माझ्या दादानं तर त्याच्यापुढची हिकमत केली. विहीर गोठ्याला लागूनच. गुरांसाठी कडबा बारीक कापायच्या, म्हणजे कडबाकुट्टीच्या मशीनला वेगळा स्टार्टर कशाला, म्हणून तो पंपाच्या वायरी काढायचा आणि त्याच स्टार्टरला कुट्टीच्या वायरी जोडायचा. कुट्टी झाली की परत पंपाच्या. ऑटो तसाच. पंपात कोणी हात घालत नाही आणि कुट्टीत घालावा लागतो, एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. माझ्याही आली नाही. आजूबाजूचे चार-सहा लोक आपापला कडबा आणून त्याच मशीनवर कापून न्यायचे, त्यांच्याही नाही. उलट सगळ्यांना दादाचं कौतुक.

मी जिंतूरला कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली बसून टाइप करते. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, दावे, कैफियती. वकील मजकूर देतात, मी बडवते. 'हयगय' आणि 'निष्काळजीपणा' हे शब्द माझ्या बोटांनी इतक्या वेळा टाइप केलेत की डोळे मिटूनही चुकायची नाही. त्यामुळं माझा असा समज झाला होता की मी निम्मी वकील आहेच. माहेरी गेले की लोक मला 'वकीलीणबाई' म्हणून चिडवायचे आणि मला ते आवडायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं माझ्या या मस्तीतूनच घडलं.

त्या दिवशी मी माहेरी, शेतात होते. हरभऱ्याचे दिवस. गोठ्यासमोर बाजेवर बसून मी ढाळे सोलून खात होते. माझी लहानपणची मैत्रीण, आमची शेतशेजारीण, डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या घेऊन आली. आम्ही एका वर्गात होतो, एकाच विहारात बसून पंचशील म्हणायला शिकलो. तिचा नवरा पुण्याकडं कंपनीत, इकडं दोन म्हशी, दीड-दोन एकर आणि एक पोरगी ही एकटी सांभाळायची. पोरीला नर्सिंगला घालायचं, हे तिचं तेव्हापासूनचं चालू होतं.

"बसलीस व्हय आयतं खायाला?" ती मला म्हणाली.

"माहेरी आलेय मी. तू काप तुझा कडबा."

दादानं वायरी जोडल्या, मशीन सुरू केली. तिनं दोन पेंढ्या कापल्या असतील-नसतील, लाइट गेली. मशीन घरघरत थांबली. तिसरी पेंढी दातांत अर्धी अडकून बसलेली. ती दादाकडं बघून म्हणाली, "दादा, अडकलंय की हो."

दादा विहिरीकडं जायला निघाला होता. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाला, "लाइट गेली हाय. घे काढून."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तिनं हात घातला. स्टार्टरची पेटी आणि लाइट आल्याचं दाखवणारा तिच्यावरचा बल्ब मैत्रिणीच्या पाठीमागच्या भिंतीला. बल्ब लागला तो मला दिसला. मी ढाळे खात होते. बल्ब लागला आणि माझ्या मनात आलं, आली बाई लाइट. बस, एवढंच आलं. ऑटो थोडं थांबून चालू होतो, तेवढ्या वेळात मी "हात काढ" असं ओरडू शकले असते. ओरडले नाही. सुचलंच नाही. पेटीत खट्ट वाजलं आणि मशीन फिरली.

तिची किंकाळी मी सांगत नाही. दादा धावत येऊन नुसता "अरे, अरे, अरे" करत उभा राहिला. शेवटी मीच उठून बटण दाबलं. उजवा हात मनगटाच्या जरा वरून तुटून गेला होता. माझ्या मांडीवरचे ढाळे सगळे त्या रक्तात सांडलेले. पदर फाडून मी तो हात बांधला. कसा बांधला, कुणास ठाऊक.

तिला परभणीला नेलं. दवाखान्यातून पोलिसांना कळलं, त्यांनी येऊन पंचनामा केला, ऑटोची डबी काढून नेली आणि दादावर गुन्हा दाखल झाला. पोलिसांनी मला विचारलं, "तुम्ही तिथं होता का?"

मी म्हणाले, "मी आत पाणी प्यायला गेले होते. आवाज ऐकून बाहेर आले."

इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. तिथं होते म्हटलं असतं तर दादा काय बोलला तेही सांगावं लागलं असतं. सख्खा भाऊ. शिवाय ऑटो लावून मशीन चालवणं आणि वर 'घे काढून' म्हणणं, याचं काय होतं ते मला माहीत होतं. टाइप केलेलं होतं ना!

गुन्ह्यात कलमं दोन-तीन होती. दुखापतीचं तडजोडीनं मिटतं, पण मशीनच्या हयगयीचं मिटत नाही, असं दादाच्या वकिलांनी सांगितलं. म्हणजे केस चालणार, तिची साक्ष होणार, आणि तिनं खरं सांगितलं तर दादाला शिक्षा होणार. दादा जेवेना. वहिनी रडून रडून बेजार. दादा मला म्हणाला, "बाई, मी का मुद्दाम केलं का? मी सुटलो की तिचं समदं बघतो. पोरीचं शिक्षण बघतो. पर जेलात गेलो तर कशानं बघू?"

मला ते पटलं. मनापासून पटलं, हे आज लिहिताना लाज वाटते.

मी तिच्याकडं गेले. ती ओट्यावर बसून डाव्या हातानं तांदूळ निवडायचा प्रयत्न करत होती, ताट सारखं फिरून जात होतं. मी ताट ओढून घेतलं आणि माझी हुशारी सुरू केली. "हे बघ, कोर्टात दोन वाटा असतात. एक फौजदारी. त्यात सरकार विरुद्ध दादा. तिथं शिक्षा होती. तुला त्यातून काही मिळत न्हाई. दुसरी दिवाणी. त्यात तू विरुद्ध दादा. तिथं नुकसानभरपाई मिळती. दोन्ही वाटा अलग. फौजदारीत तू त्याला वाचव, दिवाणीची पाळीच येणार न्हाई, तो आपणहून देईल. अन् आलीच पाळी, तर तिथं अलग बोलता येतं."

"खरंच अलग असतंय?" तिनं विचारलं.

"मी रोज तिथं बसते. तुला जास्त माहीत का मला?"

"तसं न्हाई गं. पर खोटं बोलायचं म्हणजे..." ती थांबली. लहानपणी दर पौर्णिमेला आम्ही दोघी विहारात शेजारी बसून खोटं न बोलण्याचं शील म्हणत होतो, ते तिच्या मनात आलं असणार. माझ्याही आलं. मी म्हणाले, "कुणाचं वाईट करायला न्हाई, कुणाला वाचवायला बोलायचंय." असलं बोलणं मला त्या काळात फार सुचायचं.

मग मी तिला पाठ करून घेतलं. माझीच वाक्यं. वकिलांनी फक्त सांगितलं होतं, काहीतरी तिच्या बाजूनं यायला पाहिजे. त्या 'काहीतरी'ची वाक्यं मी बसवली: 'लाइट आल्यावर बल्ब लागलेला मला दिसला होता. मशीनमालकानं मला हात घालू नका असं बजावलं होतं. तरी मी घाईत हात घातला. चूक माझी आहे.' ती म्हणायची, मी दुरुस्त करायचे. ती 'घाईघाईत' म्हणायची, मी म्हणायचे 'घाईत' म्हण. शाळेत मी तिच्याकडून कविता अशीच पाठ करून घ्यायचे. मध्ये आम्ही दोघी हसलोसुद्धा. अगं माय, काय माणसं होतो आम्ही!

साक्षीच्या दिवशी तिनं सत्यप्रतिज्ञा घेतली आणि सगळं घडाघडा म्हणून टाकलं. सरकारी वकील उखडले, तिला फितूर ठरवलं, उलटे प्रश्न विचारले. ती हलली नाही. पोलिसांना दिलेला जबाब वेगळा कसा, असं विचारलं तर म्हणाली, "मी शुद्धीत नव्हते." हे तिचं तिनंच बसवलेलं. मला अभिमान वाटला. हो, अभिमान!

काही महिन्यांनी दादा निर्दोष सुटला. त्यानं येलदरीच्या धरणावरून मासळी आणली, घरी जेवण घातलं. तिलाही बोलावलं. ती आली. मासळीचा तुकडा ताटात आणि डाव्या हातानं काटे काही निघेनात. सगळे गप्पांत. दादा सांगत होता, साहेबांनी निकाल वाचला तेव्हा कसं वाटलं. ती तुकडा नुसता इकडून तिकडं सारत होती. मी सरकून बसले आणि तिला काटे काढून दिले. दादानं ते पाहिलं आणि तो पुढं बोलत राहिला.

दोन महिने गेले, चार गेले. ती काही बोलेना, म्हणून मीच दादाला म्हणाले, "दादा, तिचं काय?"

"कुणाचं?"

मी आधी समजले तो चेष्टा करतोय.

"तिच्या हाताचं. पोरीच्या शिक्षणाचं. तू म्हणाला होतास."

दादा शांतपणे म्हणाला, "कोर्टानं मला निर्दोष म्हणलंय ना? मग कशाची भरपाई? दोष असंल तर भरपाई. अन् तिनं सोता सांगितलंय, चूक माझी म्हनून."

हा माझा भाऊ! लहानपणी बोरं आणली की जो आधी मला द्यायचा, तो! मी त्याच्या तोंडाकडं बघत होते की हा थट्टा करतोय का. तो करत नव्हता. तो खोटंही बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटायला लागलं होतं! मी शिकवलेलं वाक्य तिनं म्हटलं, कोर्टानं लिहून घेतलं, आणि दादानं ते खरं धरलं. त्याच्या डोक्यातून 'घे काढून' पार पुसलं गेलं होतं.

मी भडकले. "अरे, निर्दोष म्हणजे तुझी चूक न्हाई असं न्हाई! जेलात घालायचं तर पुरावा लय पक्का लागतो, जराही शंका राहिली तर सोडतात. तसा सुटलास तू. भरपाईला तेवढं लागत न्हाई, जास्त खरं काय वाटतंय तेवढं बघतात. अन् तू सुटलास ते कुणामुळं?"

"तू का माझ्याविरुद्ध बोलायलीस?" तो म्हणाला, आणि वहिनीनं आतून भांडं आपटलं.

मी त्याच पावली तिच्या घरी गेले आणि म्हणाले, दावा टाक. तालुक्यात एक तरुण वकीलबाई आहेत, त्यांना भेटवलं. त्या म्हणाल्या, फौजदारीतून सुटला तरी दिवाणी कोर्टाला ते बांधील नसतं. मी तिला कोपरानं ढोसलं, बघ, मी म्हणाले नव्हते? वकीलबाईंनी विचारलं, फौजदारीत साक्ष कशी झाली? ती काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "काही न्हाई मॅडम, साक्षीदार फितूर झाले, सुटला." साक्षीदार म्हणजे ती स्वतः, आणि ती काय बोलली, हे मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर 'कुणी शिकवलं' हा प्रश्न आला असता. दावा मी फुकट टाइप केला. 'प्रतिवादीच्या हयगयीमुळे' हे शब्द त्या दिवशी माझ्याच्यानं लवकर टाइप होईनात, कारण प्रतिवादी म्हणून नाव दादाचं होतं.

आमच्याकडं तालुक्याला फौजदारी आणि दिवाणी दोन्ही एकाच कोर्टात चालतं. साहेब तेवढे बदलून गेले होते, नवीन आले होते. पिंजरा तोच. ती तिथंच उभी राहिली, तशीच डावा हात पुढं करून प्रतिज्ञा घेतली. वकीलबाईंनी तिला विचारलं, तिनं खरं सांगितलं. मला बरं वाटलं. पहिल्यांदाच ती मी न शिकवलेलं बोलत होती आणि छान बोलत होती. मी मागच्या बाकावर होते. दादा पलीकडच्या बाकावर, चपलेकडं बघत.

मग दादाचे वकील उठले. त्यांच्या हातात एक कागद होता. कागद लांबून पाहिला तरी मला कळलं, शिक्का मारलेली नक्कल आहे. तिच्या आधीच्या साक्षीची.

ते तिला म्हणाले, "बाई, फौजदारी केसमध्ये याच कोर्टात तुम्ही शपथेवर साक्ष दिली होती?"

"हो."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. लाइट आल्यावर बल्ब लागलेला मला दिसला होता. मशीनमालकानं मला हात घालू नका असं बजावलं होतं. तरी मी घाईत हात घातला. चूक माझी आहे. माझं एकेक वाक्य. 'घाईत', 'घाईघाईत' नाही. त्या कोर्टात ते वाचलं जात होतं आणि मला वाटत होतं की सगळे वळून माझ्याकडं बघतील. कुणी बघितलं नाही. वकीलबाई नुसत्या तिच्याकडं बघत राहिल्या, त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं.

"हे तुम्ही सांगितलं होतं, ते खरं की खोटं?"

मला आत्ता कळलं की मी हिला कशात घातलंय. खरं म्हणाली तर दावा गेला. खोटं म्हणाली तर शपथेवर खोटं बोलल्याचा गुन्हा तिच्यावर, आणि लगेच पुढचा प्रश्न: कुणी शिकवलं? दोन वाटा अलग असतात म्हणे! वाटा अलग असल्या तरी चालणारी बाई एकच होती, आणि तिचं बोलणं तिच्यामागं आलं होतं. एवढं मला रोज तिथं बसून कळलं नव्हतं. मी उठून उभी राहणार होते, खरंच राहणार होते. पण बसूनच राहिले.

"बाई, उत्तर द्या," साहेब म्हणाले. "खरं की खोटं?"

तिनं मागं माझ्याकडं पाहिलं. एकदाच.

"खरं हाय," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिला धरलं. "अगं, कामून म्हणलीस तसं? येडी हायस का तू?"

"मग काय म्हनू? खोटं हाय म्हणले असते तर त्यांनी विचारलं असतं, कुनी शिकवलं. तुझं नाव घ्यावं लागलं असतं." आणि मग, माझा चेहरा बघून, "तुझी जागा हाय तिथं. तू कुठं जाशील?"

मला रडूसुद्धा आलं नाही. मी तिथं आवारात कुणाच्या तरी मोटारसायकलीला धरून उभी राहिले. हिचा हात गेला, हिची पोर घरी बसलीय, आणि ही माझ्या पत्र्याच्या शेडची काळजी करतेय! मला वाटलं होतं की तिचं सगळं मी सांभाळतेय. सांभाळत होती ती. मला, दादाला, आम्हा सगळ्यांना.

त्याच आठवड्यात मी वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला जे झोडपलं ते मी इथं लिहीत नाही. त्यातला एक शब्दही जास्तीचा नव्हता. मग त्यांनी माझी साक्ष घ्यायचा अर्ज दिला. माझं प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलं. मी तिथं हजर होते. दादा 'घे काढून' म्हणाला ते मी ऐकलं. बल्ब तिच्या पाठीमागं होता, तो मला दिसला, तिला दिसणं शक्य नव्हतं. मी ओरडले नाही. पोलिसांना मी खोटं सांगितलं. फौजदारीतली तिची वाक्यं मी शिकवली.

आदल्या दिवशी दादाचा फोन आला. शिव्या देईल वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "तुझ्या भावाला तू बुडवायलीस." मी म्हणाले, "भावाला वाचवायला गेले तेच चुकलं." त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून माहेर बंद.

मी पिंजऱ्यात उभी राहिले. रोज ज्या इमारतीच्या सावलीत बसायचं, तिच्या आतच इतकी भीती वाटेल असं वाटलं नव्हतं. दादाच्या वकिलांनी फार काही विचारलं नाही. "म्हणजे पोलिसांना तुम्ही खोटं सांगितलं?" "हो." "आणि साक्षीदाराला खोटं बोलायला शिकवलं?" "हो." "म्हणजे खोटं बोलायची तुम्हाला सवय आहे?" साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुम्ही काय बोलताय त्याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत ना?" मी हो म्हणाले. मला वाटलं, आता इथूनच नेतील. मी घरून निघताना तशी तयारी करूनच निघाले होते, नवऱ्याला सांगून, दोन दिवसांची भाजी निवडून ठेवून.

कुणी नेलं नाही. पुढं काहीच झालं नाही. मी परत शेडखाली जाऊन टाइप करायला लागले. आजूबाजूचे जरा गप्प असायचे, पण मजकूर आणून देतच राहिले.

निकाल लागला तेव्हा वकीलबाई परभणीला गेल्या होत्या, म्हणून निकालाची प्रत ती माझ्याकडंच घेऊन आली. म्हणाली, वाच. मी वाचायला लागले. कडबाकुट्टीला ऑटो लावणं ही प्रतिवादीची हयगय. मला हायसं वाटलं. पुढं, वादीनं स्वतः शपथेवर कबूल केलंय की बल्ब लागलेला दिसूनही तिनं हात घातला, म्हणून अपघाताला तीही तेवढीच जबाबदार. माझ्याविषयी दोनच ओळी: ही साक्षीदार स्वतःच पूर्वी खोटं बोलल्याचं सांगते, तिचं म्हणणं विश्वासार्ह मानता येत नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली. आयुष्यात एकदा भीत भीत खरं बोलले, आणि ते धरलंच नव्हतं! खोटं धरलं होतं, शिक्का मारून, जसंच्या तसं. दोष निम्मा दादाचा, निम्मा तिचा. भरपाई निम्मी कापून द्यायची. तिच्या नावावर मांडलेला तो निम्मा दोष म्हणजे माझी चार वाक्यं होती.

मी तिला सांगितलं. ती ऐकत होती, मान हलवत होती. पोरीची फी यातून निघेल का, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, पूर्ण नाही निघणार. "बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "अन् तुझा किती धरलाय?"

"माझा काय?"

"दोष."

मी पानं मागंपुढं केली. म्हणाले, "माझा काही धरला न्हाई."

मला वाटलं, आता ही बोलेल. मी वाटच बघत होते, इतके दिवस तेवढीच वाट बघत होते. तिनं तो कागद डाव्या हातानं माझ्याकडून घेतला, पिशवीत घातला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बरं झालं गं माय," ती म्हणाली. "मला लय फिकर लागली होती, तुला काय करतेत म्हनून."